कोलशेतच्या खड्ड्यातल्या पांढऱ्या सुया

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये टायट्रेशन करत होते. अशा वेळी मी फोन घेत नाही. पण स्क्रीनवर पोकलेनच्या ऑपरेटरचं नाव दिसलं आणि मी ब्युरेटचा नळ बंद केला.

"ताई, भोक लागलंय," तो म्हणाला. "आत पांढऱ्या सुया आहेत. बोटाएवढ्या लांब."

"हात घातलात?"

"नाही. तुम्ही सांगितलंय ना. मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. मधे एक झुबका आहे, मोठा, फुलबाजी पेटल्यावर दिसते ना तसा."

मागे मशीनचा आवाज होता आणि कोणीतरी ओरडत होतं. मी घाईने म्हणाले, "भोकाचं तोंड बंद करा. माती आणि खडी आत जायला नको. काहीही लावा, पण बंद करा. मी निघते."

"एक ते दोन जेवणाची सुट्टी आहे. दोनला तिथंच दगड फोडायला ब्रेकर चालवायचाय. त्याच्या आधी या."

साडेअकरा वाजले होते. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, इमारतीचा खड्डा ठाण्याला कोलशेतला. लॅबमधल्या सहकारी बाईला म्हणाले, "अर्धा दिवस टाक माझा." तिने कारण विचारलं नाही. दगडासाठी रजा घेणारी बाई म्हणून कंपनीत मला सगळे ओळखतात.

मी बावीस वर्षं स्फटिक जमवते. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, आणि नंतर त्या पोकळ्यांमधून पाणी झिरपून आत स्फटिक वाढले. नाशिक, जळगाव, पुणे, नगरकडे विहिरी आणि खाणी खणताना ते सापडतात. माझ्या कपाटात तिकडचे बरेच नमुने आहेत, हिरवे, गुलाबी, निळे. प्रत्येकाखाली चिठ्ठी असते: खनिजाचं नाव, गाव, तालुका. चिठ्ठी हरवली तर तो नुसता शोभेचा दगड होतो. माझ्या सगळ्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्यांची गावं होती आणि सगळे नमुने दुसऱ्यांनी काढलेले, मी विकत घेतलेले. ठाण्याचा, मी माझ्या हाताने काढलेला, एकही नव्हता. ठाण्यात दगड तोच आहे, पण इथे पोकळी उघडली तरी ती बघायला कोणी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत तिचा चुरा डंपरमधून कुठल्यातरी भरावात जातो.

म्हणून मी काही वर्षांपूर्वी इमारतींच्या खड्ड्यांवर जाऊन ऑपरेटर लोकांना माझा नंबर द्यायला सुरुवात केली. बहुतेकांना मी महापालिकेची वाटले. एका साइटवर माझ्यासाठी खुर्ची आणि थंड पेय आणलं आणि सगळ्या कामगारांना हेल्मेटं घालायला लावली. हा ऑपरेटर मला असाच डोंबिवलीत भेटला. बीडकडचा, माझ्याच वयाचा. त्याने माझं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि भोक दिसलं तर काय करायचं नाही, ते सांगा." मी सांगितलं होतं: हात घालायचा नाही, पाणी मारायचं नाही, कोणाला दाखवायचं नाही.

स्टेशनवरून कोलशेतसाठी रिक्षा केली. माजिवड्याला गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. मी पिशवी तपासली. दोन छिन्न्या, हातोडी, मऊ ब्रश, लॅबमधली वॉश बॉटल, प्लास्टिकचा डबा, कापूस. वॉश बॉटल दाबली की पाण्याची बारीक, सौम्य धार येते. साइटवर पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

साइटचा इंजिनीअर माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याने माझ्या हातात हेल्मेट दिलं. "मॅडम, जेवणाची सुट्टी आहे म्हणून जाऊ देतोय. दोन म्हणजे दोन. वर डंपर उभे आहेत."

"दोन म्हणजे दोन," मी म्हणाले.

रॅम्पवरून खाली उतरले. दोन तळघरांचा खड्डा, चारी बाजूंनी काळा कातळ, कोपऱ्यात पंप चालू. ऑपरेटर डबा खाता खाता उठून आला आणि हात न धुताच मला जागा दाखवली. छातीच्या उंचीवर प्रेशर कुकर मावेल एवढी पोकळी होती. तोंडात बोळा कोंबला होता.

"मस्त बंद केलंय बघा," तो म्हणाला. "एक दाणा आत जायचा नाही."

मी बोळ्याला हात लावला. तो सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा होता.

रिकामी गोणी कधी रिकामी नसते. शिवणीत, कोपऱ्यात मूठ-दोन मूठ सिमेंट राहतंच. आणि पोकळीच्या वरच्या बाजूने, उजव्या अंगाला, पाणी झिरपत होतं.

बोळा हळूहळू ओढून काढला आणि टॉर्च मारला. डावी बाजू तशीच होती. स्कोलेसाइट या खनिजाचे झुबके, एका बिंदूतून सगळीकडे पसरलेल्या पांढऱ्या, पारदर्शक सुया. मधे तो मोठा, माझ्या मधल्या बोटाहून लांब. मी इतका मोठा फक्त दुसऱ्यांच्या कपाटात पाहिला होता. उजव्या बाजूच्या झुबक्यांवरून राखाडी ओघळ उतरले होते आणि सुयांच्या मुळाशी साचले होते. मी ब्रशचं टोक लावलं. वरचं मऊ होतं, श्रीखंडासारखं. खाली टोक अडकलं. सिमेंट धरायला लागलं होतं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

मी वॉश बॉटल घेतली. सुया केसाएवढ्या बारीक, काचेइतक्या ठिसूळ. धार जोरात मारली तर मोडतात, हळू मारली तर सिमेंट हलत नाही. सर्वांत कडेच्या झुबक्यावर धार धरली. राखाडी पाणी वाहून गेलं, दोन सुया दिसू लागल्या. मग 'टिक' असा आवाज आला. हा आवाज मी चांगला ओळखते. दोन्ही सुया गेल्या.

इंजिनीअर मागे येऊन उभा राहिला होता. "सिमेंट पडलंय का? थांबा, बाथरूमचं अ‍ॅसिड आहे आपल्याकडे. टाइल्सवरचं सिमेंट आम्ही त्यानेच काढतो. एका मिनिटात साफ." त्याने वर बघून हाक मारली, "अरे, ती अ‍ॅसिडची बाटली आण रे."

"आणू नका."

"अहो मॅडम, खरंच निघतं."

"सिमेंट निघतं आणि या सुयांचीही जेली होते. मी केमिस्ट आहे. बाटली खाली आली तर मी ती पंपाच्या खड्ड्यात ओतेन."

त्याने बाटली परत पाठवली. "एवढ्या दगडांचं घरी करता काय तुम्ही?"

"बघते."

"आणि मिस्टर?"

"ते टीव्ही बघतात. बाजूला व्हा, उजेड अडतोय."

एक वाजून बत्तीस मिनिटं. अर्ध्या तासात उजवी बाजू धुऊन निघणार नव्हती, आणि त्या अर्ध्या तासात सिमेंट आणखी घट्ट होणार होतं. मी धुणं थांबवलं आणि दगड बघायला लागले.

सगळे झुबके मागच्या भिंतीवरच्या एकाच पापुद्र्यावर होते, दोन बोटं जाड. ब्रेकरच्या हादऱ्याने त्याला वरून चीर गेली होती. अख्खा पापुद्रा काढायचा तर चारी बाजूंनी खोल छिन्नी मारावी लागणार. घाई न करता पाऊण तासाचं काम. दुसरा मार्ग, चिरेवर छिन्नी लावून पापुद्रा मधे तोडायचा, उजवा भाग सोडायचा, डावा घ्यायचा. चीर बरोबर मधल्या मोठ्या झुबक्याच्या मुळातून गेली होती.

मी दुसरी एखादी चीर शोधली. डावीकडे एक होती, पण ती दोनच झुबके देत होती. उजवीकडे काहीच नव्हतं.

"अजून पंधरा मिनिटं मागू का साहेबांकडे?" ऑपरेटर म्हणाला. तो जेवण संपवून कातळाला टेकून उभा होता.

"तुम्ही मागू नका. तुमच्यावर येईल. मी मागते."

मी मागितली. इंजिनीअरने वर रस्त्याकडे हात केला. तिथे एका डंपरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला होता आणि तो उचलत नव्हता. "मॅडम, मला हो म्हणायचं असतं तर मी दोन म्हणजे तीन म्हणालो असतो."

पावणेदोन. मी डब्यात कापूस पसरला आणि डबा पोकळीच्या तोंडाशी धरला. एक हात डब्याला, एक छिन्नीला, हातोडीला तिसरा नव्हता.

"दादा, डबा धरा. सुयांना हात लागायला नको. पापुद्रा सुटला तर तो डब्यात यायला हवा, बाहेर नाही."

त्याने पँटला हात पुसून डबा धरला. त्याचे हात मशीनवर दिवसभर थरथरतात, पण इथे अजिबात हलले नाहीत. मी छिन्नी चिरेत बसवली. पहिला ठोका हलका मारला, फक्त छिन्नी धरायला. डावीकडच्या एका झुबक्यातली एक सुई पडली. दुसरा ठोका. काही झालं नाही. तिसऱ्याला चीर केसभर उघडली.

"जोरात मारा की," तो म्हणाला.

"जोरात मारलं तर सगळं हादरेल."

"मग मी मशीनवर जाऊन मारेन, दोन वाजता. ते चालेल का?"

मी जोरात मारलं.

पापुद्रा सुटला. डावा तुकडा, तळहाताएवढा, डब्यात कापसावर आला. मधला मोठा झुबका त्याच्यावर नव्हता. तो मुळापासून उडाला होता, आणि पोकळीच्या तळाशी पांढऱ्या चुऱ्यासारखा पडला होता, भगर सांडावी तसा. मी बोटाने तो चाळला. अख्खी एकही सुई नव्हती.

मी डब्याचं झाकण लावलं. आठ मिनिटं उरली होती. त्यांत उजवीकडचा भाग तरी निघतो का, म्हणून छिन्नी पुन्हा उचलली, लावून बघितली आणि ठेवून दिली. त्या झुबक्यांचं आता बारीक काँक्रीट झालं होतं.

"वाचलं ना?" ऑपरेटरने विचारलं.

"थोडं."

"मधला कुठाय? फुलबाजी?"

"तुटला."

त्याने टॉर्च घेऊन आत पाहिलं. सकाळी तो झुबका सर्वांत आधी त्यानेच पाहिला होता, अख्खा, ओला, पहिल्या उजेडात. मी येईपर्यंत दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता. तो बराच वेळ आत बघत राहिला. "आणि हे काळपट काय लागलंय सगळ्याला?"

मला सांगायची गरज नव्हती. पाण्याबरोबर माती आली म्हटलं असतं तर त्याला पटलं असतं आणि मी वर गेले असते.

"गोण्यांमध्ये सिमेंट होतं, दादा. वरून पाणी झिरपलं, सिमेंट ओलं झालं आणि धरलं. ते धुण्यात वेळ गेला नसता तर मी मधे तोडलं नसतं."

त्याने खाली पडलेला बोळा पायाने उलटवला. मग म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, काहीही लावा."

"म्हणाले."

"डोंबिवलीला मी विचारलं होतं तुम्हाला, काय करायचं नाही ते सांगा. हे नाही सांगितलंत."

"नाही सांगितलं. दोष माझा आहे."

"तुमचा कसा," तो म्हणाला. "कोंबल्या मीच." पण ते माझी समजूत घालायला म्हटलेलं नव्हतं. तो चिडला होता. माझ्यावर की स्वतःवर, ते कळलं नाही. त्याने टॉर्च माझ्या हातात दिला आणि मशीनकडे गेला. केबिनमध्ये चढताना थांबून म्हणाला, "ताई, चढा लवकर. मी ब्रेकर लावला की इथली जमीन हलते. तुमच्या डब्यातलं राहायचं नाही."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी डबा दोन्ही हातांत छातीशी धरला आणि रॅम्प चढायला लागले. पळता येत नव्हतं, पळलं तरी धक्के बसतात. गुडघे वाकवून, पाय सपाट टाकत चालत होते. वरून इंजिनीअर बघत होता. "मॅडम, हेल्मेट," तो म्हणाला. मी मान पुढे केली, त्याने ते माझ्या डोक्यावरून काढून घेतलं. मागे इंजिन सुरू झालं.

गेटपर्यंत पोचले तेव्हा ब्रेकर लागला. चपलेतून थरथर जाणवली. मी रस्ता ओलांडला, एका बंद कारखान्याच्या कंपाउंडपाशी जाऊन उभी राहिले. तिथे थरथर नव्हती. कट्ट्यावर डबा ठेवला आणि झाकण उघडलं.

दुपारच्या उन्हात सुया आरपार दिसत होत्या. चार झुबके उभे होते. पाचवा चढताना आडवा झाला होता. उरलेल्या चार झुबक्यांच्या मुळाशी काहीही राखाडी नव्हतं, मी भिंगाने दोनदा पाहिलं.

समोरून रिक्षा आली. मी हात केला आणि आधी रस्त्यावर किती खड्डे आहेत ते विचारलं.

"कुठं जायचंय, मॅडम?"

"ठाणे स्टेशन. पण वीसच्या वर नाही."

"वीस रुपयांत कोण नेईल?"

"रुपये नाही, स्पीड. भाडं मीटरने देते. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवू दे."

त्याने मांडीवरच्या डब्याकडे आरशातून पाहिलं, आणि गाडी इतकी हळू सोडली की शेजारून सायकलवाला पुढे गेला.