मुलींसाठी वर्कशॉप उघडणारे बिरादार सर

बिरादार सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या कोहिनूर गावच्या शाळेत. कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या तंत्रशिक्षण केंद्रात ते वेल्डिंग शिकवत. दहावीच्या वर्गात येऊन त्यांनी विचारले, "कोण कोण येणार शिकायला?" मुलांबरोबर मीही हात वर केला. वर्ग हसला. सरांनी शांतपणे माझे नाव विचारून घेतले.

पुढच्याच रविवारी सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सर्वांच्या अक्का, आमच्या घरी आले. माझ्या वडिलांना हा विचारच पटत नव्हता.

"सर, पोरीनं आगीशी खेळायचं कामून? तोंडाला चटका बसला तर लगीन कोण करंल?"

सरांनी वाद घातला नाही. "अप्पा, न्हाई म्हणायच्या आधी एकदा येऊन बघा," एवढेच ते म्हणाले.

अप्पा गेले. सरांनी त्यांना हातमोजे चढवले, काळ्या काचेचा मुखवटा दिला आणि लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडायला सांगितल्या. जोड वेडावाकडा आला. अप्पा तो बघून पोट धरून हसले. "ह्याच्यापेक्षा पोरगी बरं करंल. पण सांजच्या बसनं घरी आली पाहिजे."

प्रात्यक्षिक संपायच्या आतच ती बस सुटायची. सरांनी प्राचार्यांची परवानगी काढून माझे प्रात्यक्षिक सकाळी घेतले. मी एकटीच मुलगी, म्हणून अक्का रोज दाराशी खुर्ची टाकून भाजी निवडत बसायच्या. माझी शाळा मराठी, पुस्तक कन्नड. सर एकच गोष्ट मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनी उर्दूत सांगत. वर्षअखेरीस अक्काही जोडातल्या चुका दाखवू लागल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी दुबलगुंडी गावच्या मुली आल्या. त्यांच्या वडिलांना समजावायला सरांबरोबर अप्पा गेले होते. "म्या सोता करून बघितलंय," असे ते ऐटीत सांगत. आज मी त्याच केंद्रात शिकवते आणि माझ्या वर्गात मुलींचा बाक कधी रिकामा नसतो.

पंच्याहत्तरीत पदार्पण करणारे सर सध्या माझ्या एका विद्यार्थिनीकडून संगणकावर आराखडे काढायला शिकत आहेत.

"सर, पुन्हा चुकायलाव तुमी."

"व्हय बाई, पुन्हा दाखव."

सरांना आणि अक्कांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. सरांचा हा अभ्यासक्रम लवकर पुरा होऊ नये आणि झालाच, तर त्यांनी लगेच दुसऱ्या अभ्यासक्रमाला नाव घालावे, हीच आम्हा विद्यार्थ्यांची इच्छा.