डोळ्यात दार ठेवणारे श्रावणजी

अन्याय झाला तो लाखांदूरच्या श्रावणजी फोटोवाल्यांवर. यंदाच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, दुपारी साडेतीन वाजता. करणारी मी. भंडाऱ्यात एसटी स्टँडजवळच्या प्रिंटिंगच्या दुकानात बसून मी 'छायाचित्रकार : अज्ञात' अशी चाळीस लेबलं एका दमात कॉपी-पेस्ट केली आणि चहा प्यायला गेले.

मी डिझायनर आहे. पोटासाठी लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करते, मोर्चाची पत्रकं फुकट. दुसऱ्या कोणी कोणाचं नाव गाळलं की मी पत्रक काढते. इथे मीच गाळलं होतं.

काम असं होतं. जिल्ह्यातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन शनिवारी उघडणार होतं. समितीचे अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी घरोघरून चाळीस फोटो जमवले होते. पोस्टकार्डाएवढे, काळे-पांढरे. ते स्कॅन करायचे, डाग काढायचे, दोन फूट उंच छापायचे.

बुधवारी डाग काढायला बसले. हे काम झूम करूनच होतं, चेहरा स्क्रीनभर येतो. एका म्हाताऱ्या बाईच्या बुबुळात मला पांढरी उभी पट्टी दिसली. पोर्ट्रेट काढताना डोळ्यात उजेडाचं प्रतिबिंब पडतं, त्याला आम्ही कॅचलाइट म्हणतो. खिडकी असेल तर चौकोन, स्टुडिओची छत्री असेल तर गोल. तो नसला की डोळा विझलेला दिसतो. ही पट्टी मात्र दारासारखी होती. आणि तिच्या तळाशी एक काळी आकृती. माणसाची.

पुढचा फोटो उघडला. तेच दार, दुसरा माणूस. त्याच्या पुढचा, तेच दार. अठरा फोटो निघाले. गावं वेगळी, वर्षं वेगळी, पण चेहऱ्यांवर एकच गोष्ट. कोणी हसत नव्हतं, कोणी ताठ बसलं नव्हतं. आत्ता काहीतरी बोलतील असं वाटत होतं. मी खुर्ची मागे सरकवली. ही माणसं माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून कोणाकडे तरी बघत होती.

त्यातल्या एका फोटोच्या मालकांना लाखांदूरला फोन लावला. फोटो कोणी काढला होता?

"श्रावणजीनं. हाये न थो अजून. काहून?"

गुरुवारी पहिली एसटी धरली. श्रावणजी ऐंशीच्या पुढचे. स्टुडिओच्या खोलीत आता धानाची पोती. दार तेच, उत्तरेचं, दोन कवाडांचं. मी बघत उभी राहिले तर म्हणाले, "दार पाहाले आली का पोरी? बस तं खरी."

लॅपटॉप उघडून मी त्यांना डोळ्यातली पट्टी दाखवली. ते खुशीत आले.

"तवा लाइट राहे नाही. एक कवाड लावून घेओ, एक उघडं. दुसऱ्या बाजूनं पांढरं धोतर टांगो, सावली नरम होये."

"आणि दारात उभं कोण आहे?"

"ज्यानं आनलं थो. बायकोनं आनलं तं बायको, पोरानं आनलं तं पोरगा. त्याले म्हनो, उंबरठ्यावर उभा राहा, हालू नको. मानूस कॅमेऱ्याले भेते. आपल्या मानसाले पाहाले भेत नाही."

"पण सगळे काही बोलणार असल्यासारखे कसे दिसतात?"

"मी इचारो न. बाईले इचारो, माहेरी तुले काय म्हनत? लगनात नाव बदलवत तवा. बाई आठवे, आता सांगन, तेवढ्यात मी बल्ब दाबो." बल्ब म्हणजे रबरी फुगा, दाबला की शटर पडतं.

"आणि पुरुषांना?"

"यंदा धान कोनतं लावलं. त्यायले आनखी काय इचारतं?"

मी फोटोग्राफीचा कोर्स केला आहे. तीन महिने लायटिंग शिकले. बसलेल्या माणसाला काय विचारावं हे एका शब्दाने कोणी शिकवलं नव्हतं. पोत्यांच्या त्या खोलीत मला आपण काहीच शिकलो नाही असं वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

मग त्यांनी चाळीसही फोटो पाहिले. झूम न करता.

"हा माझा नाही. ह्या भिवया पाह्य, ब्रशानं काढल्या. पवनीवाला वामन. त्याच्या फोटोत कोनी काळं नाही." पुढचा. "हा गनपत पडदेवाला. बाजाराच्या दिवशी पडदा टांगे, मांगं बंगला, बाजूले स्टूल. पायापासून फोटो काढे. लोकायले नवी चप्पल दाखवाची राहे."

"तुमचा शिक्का का नाही कुठे?"

"होता न. फ्रेमवाला मांगून पुठ्ठा चिपकवे. शिक्का गेला पुठ्ठ्याखाली."

शुक्रवारी सरांसमोर बसले. श्रावणजी, त्यांचं धोतर, माहेरच्या नावाचा प्रश्न, सगळं सांगितलं.

"पुरावा?" सर म्हणाले.

"डोळ्यात आहे."

"बाई, उद्या उद्घाटन आहे. डोळ्यात दार दिसते म्हणून नाव टाकायचं? परवा कोणी म्हणेल, माझ्या आज्याच्या नाकात खिडकी आहे."

मी बारा नंबरचा फोटो उघडला. सरांच्या आईचा, त्यांनीच दिलेला. डोळा मोठा केला. बाकीच्या आकृत्या उभ्या होत्या, ही कमरेखाली आडवी पसरलेली होती. सर चष्मा काढून स्क्रीनला टेकले.

"सायकल," ते म्हणाले. "पहिल्या पगाराची. चोरीला जाईल म्हणून दारातच धरून उभा होतो. आई सारखी माझ्याकडे बघत होती."

"म्हणजे फोटोवाल्याला तुम्ही पाहिलं होतं."

"हो."

"नाव?"

"विचारलं नाही."

"मग तो अज्ञात कसा, सर? तुमच्यापासून दहा फुटांवर होता."

सरांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "लेबलं बदला."

अठरांवर श्रावणजींचं नाव गेलं, सातांवर वामन, सहांवर गणपत. नऊ उरले. त्यांच्या लेबलवर 'नाव माहीत असल्यास लिहा' एवढंच छापलं आणि दोरीला पेन बांधला.

शनिवारी श्रावणजी आले. स्वतःच्या अठरा फोटोंपुढून हात मागे बांधून हळूहळू गेले. बारा नंबरपाशी सर उभे होते. सरांनी विचारलं, "माझ्या आईने माहेरचं नाव काय सांगितलं होतं हो तुम्हाला? मला माहीत नाही."

श्रावणजींनी फोटो बघितला, सरांना बघितलं.

"लय बाया आल्या जी. कुठवर ध्यानात राहीन? तुमी इचाराचं होतं न."

सर पुन्हा आईच्या फोटोकडे वळले.

या धंद्यात मी एवढं शिकले : अज्ञात लिहायला दोन सेकंद लागतात, आणि खोडता येतं ते नाव सांगणारं माणूस जिवंत आहे तोवरच.

तेव्हा आता तुमचं काम. घरातला जुना फोटो भिंतीवरून काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढे धरा. कोणी काढला, ते विचारा. फोटोत बाई असेल तर तिला माहेरी काय म्हणत, तेही विचारा. दोन्ही नावं पेन्सिलीने मागे लिहा. आजच.