एक ओळ खोडून घ्यायची होती

कंपनीनं आमच्या ह्यांना घरी बसवायचं ठरवलं तेव्हा हे चाळिशीतच होते, पण कान पार म्हाताऱ्याचे झाले होते. बारामतीच्या एमआयडीसीत पत्र्याचे भाग ठोकणारा एक कारखाना होता, तिथं हे प्रेसवर उभे असायचे. दिवसभर नुसतं धाड, धाड, धाड. सुरुवातीला घरी आले की म्हणायचे, कानात रातकिडा बसलाय. मग तो रातकिडा गेला आणि जाताना बाकीचंही सगळं घेऊन गेला. लोणी भापकरला सासऱ्यांची मेंढरं होती तेव्हा अंधारात नुसत्या खोकल्यावरून मेंढरू ओळखणारा हा माणूस. आता पोरगी दारातून "आबा, आबा" करून थकायची आणि हे ढिम्म बसून राहायचे.

स्वेच्छानिवृत्ती म्हणे! कुणाची स्वेच्छा? नवी मशीन आली, माणसं नकोशी झाली, आणि त्यात बहिरा तर सगळ्यांच्या आधी नकोसा. साहेबानं एक इंग्रजी करारपत्र हातात दिलं आणि सही करून आणा म्हणाला. हे तिथंच करून मोकळे होणार होते, पण पेन चाललं नाही म्हणून कागद घरी आला. मी म्हटलं, "अहो, बांधावरच्या बाभळीचा कागद असला तरी आपण चार माणसांना दाखवतो. आणि नोकरीचा कागद असाच देताय?"

"साहेब काय आपलं वाईट करतोय व्हय?" हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारला आणि कागद पिशवीत घातला.

कोर्टासमोर एक वयस्क वकील बसायचे. वाटण्या, बांधाची भांडणं हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी आधीच सांगून टाकलं की कामगारांच्या कायद्यातलं मला बेताचंच कळतं, पुण्याच्या एका मित्राला विचारून सांगेन. मला उलट बरं वाटलं. सगळं येतं म्हणणारी माणसं मी कंपनीत पुष्कळ बघितली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"यात लिहिलंय, कामामुळं मला कसलाही आजार, इजा किंवा अपंगत्व आलेलं नाही, आणि पुढं कधी तशी मागणी करणार नाही. बाई, यांना ऐकायला येतं का?"

"अंगावर ओरडलं तर येतं."

"मग ही ओळ खोडून घ्यायची. बाकी कागद ठीक आहे. पण ही ओळ राहिली तर कान कंपनीत गेले असं तुम्हाला जन्मात म्हणता येणार नाही. उपचार नाही, भरपाई नाही, काही नाही."

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही पुण्याला जाऊन कानाची तपासणी करून घेतली. ह्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानाला काहीतरी लावलं आणि आवाज आला की हात वर करा म्हणून सांगितलं. मी बाहेरून बघत होते. माझ्या नवऱ्याचा हात मांडीवरून हलतच नव्हता. मधेच माझ्याकडं बघून हसले, "सुरू झालं का?" असं भुवया उडवून विचारलं. मी तोंडात पदर कोंबला.

डॉक्टरांचा दाखला जोडून वकिलांनी कंपनीला पत्र पाठवलं. दोनदा स्वतः जाऊन बोलून आले. आणि काय सांगू, कंपनी नरमली! ओळ काढतो म्हणाली, उपचाराचंही बघतो म्हणाली. नवा कागद टाइप व्हायचा तेवढा बाकी होता. वकिलांनी आम्हाला समोर बसवून बजावलं, "तो कागद माझ्या हातात येईपर्यंत कंपनीत पाऊल टाकायचं नाही. सत्कार करतो म्हणतील. आधी कागद, मग हार. कळलं ना?" मी ते ह्यांच्या कानात ओरडून सांगितलं. हे म्हणाले, "बरं."

दोन दिवसांनी दारात गाडी थांबली. कंपनीत कामगारांचं बघणारे साहेब, बायकोला घेऊन. हे साहेब अंथुर्ण्याचे, आणि अंथुर्णं माझं माहेर. आमच्याकडं माहेरच्या गावचा माणूस कुठल्याही जातीचा असो, तो भाऊच. मी त्यांना दादा म्हणायचे, ते ह्यांना दाजी म्हणायचे. चुलीवर चहा ठेवेपर्यंत त्यांनी माझ्या आईची, मोठ्या भावाची सगळी विचारपूस केली.

"ताई, उद्या दाजींचा निरोप समारंभ हाय. फेटा बांधायचाय. भाऊ म्हणून बोलवायला आलोय, न्हाय म्हणू नगा."

मी म्हटलं, "दादा, कागद झाला का?"

"हुतोय की! उद्या कार्यक्रम झाला की तितंच देतो. माझ्यावर भरवसा न्हाय व्हय?"

माहेरचा माणूस बायकोला घेऊन दारात आलेला, माझ्या हातचा चहा प्यालेला. त्याला भरवसा नाही म्हणायची जीभ अंथुर्ण्यात जन्मलेल्या बाईला देवानं दिलेलीच नाही. ह्यांनी तर हात जोडूनच टाकले होते.

कारखान्याच्या आवारात मांडव घातला होता. लग्नात असतो तसला शूटिंगवाला, डोक्यावर लाइट घेऊन फिरणारा पोरगाही. ह्यांना गुलाबी फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. साहेबांच्या बायकोनं मला बायकांच्यात बसवून ओटी भरली. तोवर ठीक होतं. मग कुणीतरी म्हणालं, "आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत."

मी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "अहो, नको, काही बोलू नका." हे माइककडं चाललेच. मी मोठ्यानं हाक मारली. पुढच्या बायका मागं वळून बघायला लागल्या, साहेबांच्या बायकोनं माझा हात धरून खाली बसवलं. सगळ्या मांडवाला माझी हाक ऐकू गेली, फक्त ज्याला मारली त्याला नाही.

आणि हे बोलले. निरोपाच्या वेळी आपल्याकडचा माणूस जे बोलतो तेच बोलले. दुसरं काही बोलणं असतं हे ठाऊकच कुठं होतं! "कंपनीनं मला पोटच्या लेकरावानी सांभाळलं. कसला तरास दिला न्हाय. मी हितं धडधाकट आलो आन् धडधाकट चाललो. माझी कुणाबद्दल कायबी तक्रार न्हाय." टाळ्या पडल्या. ह्यांना त्या ऐकू आल्या नसतील, पण हात हललेले दिसले असतील. डोळे भरून आले होते माणसाचे. शूटिंगवाला अगदी जवळ गेला होता.

कागद त्या दिवशी मिळाला नाही. नंतर आला तो जुनाच, ओळीसकट. वकील तणतणत कंपनीत गेले आणि तासाभरात उतरलेल्या चेहऱ्यानं परत आले. साहेबांनी त्यांना टीव्हीवर कॅसेट लावून दाखवली होती. "माणूस चारशे लोकांसमोर स्वतःच्या तोंडानं धडधाकट म्हणतोय, आम्ही कशाला खोडू?" असं म्हणाले म्हणे माझे दादा.

"लढता येईल," वकील म्हणाले. "आपल्याकडं दाखला आहे. पण पुण्याला खेटे, किती वर्षं ते मी सांगू शकत नाही, आणि सही केल्याशिवाय कंपनी निवृत्तीचा एक पैसाही हातात ठेवणार नाही." मग ते माझ्यावर चिडले. "अहो, सांगितलं होतं ना मी!" त्या साहेबाच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि सहीला हो म्हटलं. घरात शिजवायला लागत होतंच.

सहीच्या दिवशी वकिलांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. "अशिलाला कळल्याशिवाय मी सही करू देत नाही," म्हणाले. ती ओळ त्यांनी मराठीत वाचून दाखवली. हे नुसते बघत राहिले. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचली. मग वकिलांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा."

मी ह्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. तो गेलाच होता. मग उजव्या बाजूला गेले आणि छातीतला सगळा दम लावून ओरडले, "कामामुळं माझ्या कानाला काय बी झालेलं न्हाय, असं ह्यात लिव्हलंय! तुमाला ते कबूल हाय, असं लिव्हलंय!" व्हरांड्यातली माणसं दारात गोळा झाली. एक कारकून हसला. मला पुन्हा ओरडावं लागलं, पुन्हा तेच, माझ्याच तोंडानं.

"आलं, आलं ऐकू," हे म्हणाले. आणि त्यांनी सही केली.