अण्णा आमच्याकडे पाहुणे

घरात एक विसरणारं माणूस असलं की सांभाळणाऱ्याकडे किस्से साठत जातात, अगदी रद्दीसारखे! बिबवेवाडीत आमचा गटच आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणारे आम्ही दर शनिवारी जमतो. रडायला म्हणून जातो आणि पोट धरून हसत परत येतो.

पहिल्याच शनिवारी समुपदेशक बाईंनी ताण घालवायचा उपाय सांगितला. "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, सावकाश सोडा."

शाहीनभाभी म्हणाल्या, "मॅडम, मी श्वास सोडेपर्यंत आमच्या अम्मी स्वारगेटला पोचतात!"

*

याच अम्मी एकदा भाभींना विचारतात, "तुम कौन हो?"

"अम्मी, मैं आपकी बेटी."

अम्मींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "झूठ! मेरी बेटी तो दुबली थी!"

त्या दिवसापासून भाभींचं डाएट चालू आहे. अम्मी अजून ओळखत नाहीत ते नाहीतच.

*

धायरीच्या बबनदादांच्या शेतावर आता सोसायटी उभी आहे. त्यांच्या वडिलांना मात्र तिथे अजून गोठाच दिसतो. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन ते गाड्यांच्या बॉनेटवरून हात फिरवतात. एकदा चेअरमनच्या गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, "ही पांढरी भाकड हाय. इकून टाका!"

चेअरमन जाम चिडला. पुढे ती गाडी रोज धक्का मारून चालू करावी लागायला लागली, तेव्हा गुपचूप विकली!

*

एका शनिवारी मी मात्र खरंच रडले. माझे सासरे, अण्णा, जेवेनात. आपण परक्या घरी पाहुणे आलोय, असंच त्यांच्या डोक्यात. ताट पुढे केलं की, "नको नको, घरून जेवून निघालोय." "अहो अण्णा, हे तुमचंच घर!" म्हटलं की आणखी अवघडायचे. अंग पार उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. माझा जीव नुसता टांगणीला!

"मेहमान समजतात ना स्वतःला? मग मेहमानासारखंच वाढा," शाहीनभाभी म्हणाल्या.

"आन् आग्रह करा की वैनी!" बबनदादा म्हणाले. "का पुण्यात ऱ्हाऊन इसरला?"

*

दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून मी यजमानीण झाले. "या, बसा ना."

"नको नको, निघतो आता. बराच वेळ झाला."

"असं कसं? उपाशी गेलात तर मला वाईट वाटेल हं. थोडीशी आमटी तरी?"

नको-नको, घ्या-घ्या बराच वेळ चाललं. शेवटी "तुमचा एवढा आग्रहच आहे तर..." म्हणत अण्णा पाटावर बसले. आणि जेवले की हो! पोळी, भाजी, वर आमटी मागून घेतली. मी आपली पदराने डोळे पुसत वाढतेय.

हात धुऊन ते माझ्याजवळ आले. जरा संकोचून, हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, थोडं डब्यात द्याल का? घरी सूनबाई आहे. माझं करता करता तिचं जेवायचं राहून जातं."