कदमच्या दोन चुली

कदम गेल्याचा फोन वहिनींनीच केला. सकाळचे सव्वानऊ. "भावजी, हे गेले..." एवढंच. आज त्याला त्रेचाळीस दिवस झाले आणि माझ्याकडे दुःखापेक्षा किळसच जास्त साचली आहे. तेराव्याला आमचे मॅनेजर कदमच्या कामोठ्याच्या घरी आले, फोटोला हात जोडले आणि चहा यायच्या आत वहिनींना विचारलं, "कॉम्प्युटरचा पासवर्ड कुठे लिहिलाय का त्यांनी?"

पावणे एमआयडीसीतल्या आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात कदम कॉम्प्युटर सांभाळायचा, मी तपासणी. दाबचाचणीच्या नोंदी ठेवणारा जुना प्रोग्रॅम लिनक्सवर चालायचा. मग स्टोअरसाठी नवा आला. दोघांना एकच लायब्ररी, म्हणजे आतून वापरायच्या तयार फायलींचा संच लागायचा, पण एकाला जुनी, दुसऱ्याला नवी. नवी टाकली की जुनी निघणार, तिच्यासोबत चाचणीचा प्रोग्रॅमही. कदमने नव्याला त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलं. त्यात तीन दिवस गेले. मॅनेजर येता-जाता म्हणायचे, "काय कदम, सत्यनारायण मांडलाय का?" तो म्हणायचा, "पटत नाय सायेब दोघांचं. चुली वेगळ्या केल्या की दोघं पोटभर जेवतील." काहीही टाकण्याआधी काय काय निघणार त्याची यादी तो छापायचा आणि ओळी मला मोजायला लावायचा. मला त्यातलं काय कळतं, म्हटलं की उत्तर ठरलेलं, "कळायचं नाय राव, मोजायचं. शून्य आलं तरच पुढं."

त्याच्या जागी आलेल्या माणसाने आठवड्यातच नवी लायब्ररी सरळ टाकली. सतरा गोष्टी गेल्या, चाचणीचा प्रोग्रॅमही गेला. सोमवारी मॅनेजरनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. कारण : 'कै. कदम यांची सदोष मांडणी.' खाली माझी सही हवी होती.

"माणूस गेला. त्याला आता काय फरक पडतो?"

ऐकून शिसारी आली. त्या दिवशी काय काय निघालं त्याची कॉम्प्युटरमधली नोंद काढली. सतरा ओळी, वेळ अकरा बावीस... आणि आठवलं. नवा माणूस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, "सर, सतरा काढायला सांगतंय. यस करू?" मी गेज वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "करा."

कदमच्या नावाची ती ओळ खोडून मी तिथे माझं नाव आणि माझं 'करा' लिहिलं, वेळेसकट, आणि मग सही केली. मॅनेजर तेव्हापासून बोलत नाहीत.

एक प्रत वहिनींना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली.

"तुमचं नाव कशाला घातलंत?"

"होतं म्हणून."

त्यांनी कागदाची घडी करून ती कदमच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. पिशवी अजून दारामागच्या खुंटीलाच आहे. रोज सात चाळीसला निघताना तो ती तिथूनच उचलायचा.