मंदाताईंचा चेहरा मशीनला दिसेना

आमचं देवास शहर स्मार्ट झालं आणि आमच्या सफाई ठेक्याच्या दफ्तरात चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन आलं. तेव्हापासून किस्से इतके साचलेत की सांगायला बसलं की चहा निवून जातो.

आधी सगळ्यांचे चेहरे घेऊन झाले. चार दिवसांनी संमतीचा फॉर्म आला, ‘मी माझ्या चेहऱ्याची माहिती स्वेच्छेने देत आहे.’ मी मॅनेजरना विचारलं, “नाही दिली तर?”

“अरे भिया, स्वेच्छा आहे, जबरदस्ती थोडीच! पाच वाजेपर्यंत सगळ्यांची स्वेच्छा जमा झाली पाहिजे!”

“डेटा एकदम सेफ आहे,” असं कॉम्प्युटर सांभाळणारा चेतन छातीठोकपणे म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा चहावाला मला म्हणतो, “भिया, आपकी आँखें बंद आई हैं, फोटो फिरसे खिंचवा लो!” चेतननं सगळे फोटो चुकून नाक्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते.

चौकातल्या कॅमेऱ्यांच्या कंट्रोल रूममध्ये माझा मेहुणा बसतो. मला शुगर. एकदा बस स्टँडसमोर कचोरीचा पहिला घास घेतला, तोच बायकोचा फोन, “खाली ठेवा ती!” शहर सुरक्षित झालं म्हणतात. मी काही झालो नाही.

मंदाताईंच्या बाबतीत मात्र हसू येईना. मंदा कदम आमच्याकडे वीस वर्षं झाडू मारतात. पहाटे पाचला, अंधारात येतात, आणि दारातल्या मशीनला त्यांचा चेहराच दिसत नाही. चेतन म्हणाला, “ताई, जरा उजेडात येत जा ना.”

“उजाडल्यावर आले तर तुझं मशीन लेट लावतं ना रे, भिया!”

गैरहजेरीच्या दोन नोटिसा झाल्या. तिसरी म्हणजे काम गेलं, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. मला भयंकर राग यायचा. नोटिसा टाइप मात्र मीच करत होतो.

तिसरीच्या आधी सुनावणीला इंदूरहून मोठे साहेब आले. मंदाताई समोर उभ्या. साहेबांनी महिन्याची हजेरी उघडली. सगळ्यात वर नाव होतं सुपरवायझर पवारांचं. एकही खाडा नाही!

“बघा, बाई, याला म्हणतात काम! बोलवा त्या पवारांना.”

पवारकाका दिवाळीत वारले होते. त्यांचा फोटो आम्ही दारात, मशीनच्या अगदी समोर लावलेला, वर फक्त फोटोपुरता उजेड पडेल असा दिवसरात्र बल्ब. त्यांचा चेहरा मशीनमधून काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी दारातल्या त्या फोटोकडे बोट दाखवलं.

साहेब उठून फोटोसमोर गेले.

मंदाताईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “साहेब, मग माझाही फोटो तिथं लावा. हार मी घेऊन येते.”