प्रार्थनापत्रकातला सातवा विषय

मागे फोनवर तुम्ही विचारलं होतंत, "आजी, तू पनवेलला तरुण संघ चालवायचीस म्हणजे नक्की काय करायचीस?" तेव्हा मी गाणी, सहली आणि डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर एवढंच सांगितलं. ते खरंच होतं. उरलेलं आता लिहिते.

न्हावा शेवाचं बंदर सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या चर्चमध्ये पस्तीसएक घरं. बहुतेक जण नगर-जालन्याकडून तळोजाच्या कारखान्यांत नोकरीला आलेले. त्यांच्या कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींना दर शनिवारी मी आमच्या घरी जमवायचे. बायबलवाचन व्हायचं, मग अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसं बसावं, हेही शिकवायचे. रविवारी उपासनेनंतर आम्ही गव्हाणच्या बाजूला खाडीकाठच्या एका वस्तीत जायचो आणि मासे विकणाऱ्या बायकांना सही करायला, एसटीची पाटी वाचायला शिकवायचो. सगळं वेळेवर, यादीप्रमाणे. यादीशिवाय मला काही करता येत नसे. तुमच्या आईला विचारा.

आमच्यातली एक एकोणीस वर्षांची मुलगी तिथली खरी शिक्षिका होती. मी फळ्यावर 'क' काढला की बायका जांभया द्यायच्या. ती मात्र बोंबील, कोळंबी असे शब्द घ्यायची. मग कुणाचं चुकलं की बायकाच एकमेकींना टोमणे मारायच्या, "अगो, तुज्या बोंबलाचं शेपूट कुटं हाय? मांजरानं नेलं काय?"

तिला नर्स व्हायचं होतं. घाटावरच्या एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेचा अर्ज मीच शेजारी बसून तिच्याकडून भरून घेतला होता. मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं.

एका रविवारी शिकवता शिकवता तिच्या हातातून खडू पडला आणि ती ओट्यावर कोसळली. हातपाय ताठ झाले. मी नुसती उभी राहिले. एका म्हाताऱ्या कोळणीने पोरांना हाकललं, तिच्या डोक्याखाली घडी केलेलं पोतं सारलं आणि तिला कुशीवर वळवलं. आमची बाकीची मुलं पलीकडच्या आळीत शिकवत होती, त्यांना काही कळलं नाही. ती शुद्धीवर आल्यावर म्हातारी मला म्हणाली, "कोनाला सांगू नको, बाय. आमी बी नाय सांगनार. पोरीची जात हाय."

परतताना एसटीत मुलीने मला सगळं सांगितलं. शाळेत असताना तिला फिट यायच्या. गोळ्या सुरू केल्यापासून दोन वर्षं एकही आली नव्हती. परीक्षेच्या धावपळीत दोन दिवस गोळ्या चुकल्या, एवढंच.

"डॉक्टर म्हणालेत, नर्सिंगला हरकत नाही. मी मेट्रनना सांगणार आहे, मावशी. लपवणार नाही. पण आधी त्यांनी मला बघू दे, माझं बोलणं ऐकू दे. मग मी सांगते."

"बरं," मी म्हणाले.

दर महिन्याला मी एक प्रार्थनापत्रक काढत असे. स्टेन्सिलवर टाइप करायचं, मग सायक्लोस्टाइलच्या मशीनवर शाईने हात काळे करत साठ-सत्तर प्रती काढायच्या. तुमचे आजोबा पत्ते लिहायचे आणि ती पाकिटं ओळखीच्या चर्चना जायची. आत प्रार्थनेचे विषय, क्रमांक घालून. त्या महिन्यात सहा विषय होते. मी सातवा घातला: 'पनवेल येथील एका तरुण भगिनीसाठी. तिला फिट येण्याचा त्रास आहे. लवकरच ती नर्सिंगच्या मुलाखतीला जात आहे. प्रभूने तिला पूर्ण आरोग्य द्यावे.'

नाव घातलं नव्हतं. नाव नाही म्हणजे गुपित राखलं, असं मला खरंच वाटलं. ओट्यावर पडलेली ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती आणि एकटीने केलेली प्रार्थना पुरेशी वाटत नव्हती. म्हणून माझी काळजी मी साठ ठिकाणी वाटून टाकली.

पत्त्यांच्या यादीत ते हॉस्पिटलही होतं. कित्येक वर्षांपूर्वी मीच घातलेलं.

मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न आला, "पनवेलची ना तू? पत्रकातली ती तूच का?" ती हो म्हणाली. पुढे फारसं काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं.

तिची आई माझ्या दारात आली, पण आत यायला तयार होईना. "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या," ती म्हणाली. "आम्ही माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं हो."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने त्या हॉस्पिटलात गेले. मेट्रन वाईट बाई नव्हती. तिने मला चहा दिला आणि म्हणाली, "अशी गोष्ट लपवणारी मुलगी वॉर्डात कशी घ्यायची?"

"ती सांगणारच होती. तुम्हालाच, समोर बसून."

"मग तिच्या आधी तुम्ही का सांगितलंत?"

बऱ्याच विनवण्यांनंतर ती म्हणाली, डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन पुढच्या वर्षी या, बघू. तेवढं घेऊन मी जिंकल्यासारखी परतले आणि थेट तिच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत बसली होती.

"नको, मावशी."

"अगं, बघू म्हणाल्यात त्या."

"मी दारातून आत जायच्या आधीच बघून झालंय त्यांचं." तिने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "त्या वस्तीत वीस-पंचवीस जणींनी मला पडलेलं पाहिलं. एकीच्याही तोंडून गेलं नाही. तुम्ही त्यांना वाचायला शिकवता."

मी चुकले, असं म्हटलं. ती म्हणाली, "माहीत आहे मला." तिचा आवाज चढला नव्हता. मग तिने सांगितलं की बंदराच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात तिला टायपिंगची नोकरी मिळाली आहे, सोमवारपासून. "हे तरी कुणाला सांगू नका. गोळ्यांचं त्यांना मी सांगेन, मला वाटेल तेव्हा."

ती नर्स झाली नाही. संघातही परत आली नाही.

पुढच्या शनिवारी मुलांनी विचारलं, "मावशी, ती कुठे असते हल्ली?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही? तुमच्या वहीत तर आमच्या चपलांचे नंबरसुद्धा असतील!" सगळे हसले.

एक मुलगी म्हणाली, "मग आज तिच्यासाठीच प्रार्थना घेऊ या ना." लगेच सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले आणि मी विषय सांगेन म्हणून सगळे वाट बघू लागले.

"डोळे उघडा," मी म्हणाले. "आज मी विषय देणार नाही. ज्याचा त्याने मनात ठेवावा."

कुणाला काही कळलं नाही. काहींनी डोळे उघडले, काहींनी मिटलेलेच ठेवले. मीही मिटले. पण तिचं नाव मनातल्या मनात घ्यायलासुद्धा त्या दिवशी माझी जीभ उचलेना.